रुतलेला हत्ती

टिपू सुलतानाच्या तांब्याच्या पैशावर एका बाजूला हत्ती असतो आणि दुसरीकडे फारसी अक्षरांत टांकसाळीचं नाव. बेंगळुरूतल्या एका स्नेह्यांनी माझ्या तळहातावर ठेवलेल्या पैशाला मात्र अक्षरांची बाजूच नाही. वर उजवीकडे निघालेला हत्ती. पालटून पाहावं तर तोच हत्ती डावीकडे तोंड करून तांब्यात रुतलेला, ओल्या मातीत पाऊल उमटावं तसा.

तेव्हा नाणी हातानेच ठोकत. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा हातात, मधे तांब्याची चकती, आणि हातोड्याचा घाव. एखादं नाणं वरच्या ठशाला चिकटून बसतं. कुणाच्या लक्षात यायच्या आत पुढची चकती सरकते आणि घाव पडतो. वरची अक्षरं झाकलेली असतात. चिकटलेल्या नाण्याचा हत्तीच नव्या चकतीत उलटा शिरतो.

पण हेच सोंग नंतरही आणता येतं. दोन नाणी शेगड्यात धरून आवळली की एकाचा हत्ती दुसऱ्यात उमटतो. म्हणून मी भिंग घेऊन हत्ती पाहिला नाही, हत्तीच्या खाली पाहिलं. आवळलेल्या नाण्यात दबलेल्या अक्षरांचे अवशेष उरतात आणि दुसऱ्या बाजूचा उठावही चेपतो. इथे पायांमधल्या मोकळ्या जागेत एकाही अक्षराची रेघ नव्हती. या चकतीने अक्षरांचा ठसा कधी पाहिलाच नव्हता. शिवाय रुतलेल्या हत्तीची सोंड धारदार. चिकटलेलं नाणं घावागणिक पसरत जातं आणि चित्र फाकतं; इथे ते फाकलेलं नाही, म्हणजे चिकटल्यानंतरचा हा पहिला किंवा दुसरा घाव असावा. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो एक क्षण इतका स्वच्छ हाती लागतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रत्येक विचित्र गोष्ट मात्र चूक नसते. टिपूने मौलूदी सन सुरू केल्यावर आकडे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. 1218 हे साल नाण्यावर 8121 दिसतं. तो हुकूम होता. आपल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ बहुधा अर्धवटच सापडतं, कारण ठसा चकतीहून मोठा. तोही दोष नव्हे.

या पैशावर एक खरी इजाही आहे. वरच्या कडेला भोक पाडलंय. उठावदार बाजूने टोचा मारला असणार, कारण तांब्याची उचललेली कड रुतलेल्या हत्तीच्या बाजूला आली आहे आणि तिने त्याची पाठ थोडी ढकलली आहे. म्हणजे हत्ती आधीचा, भोक नंतरचं. संग्राहक या भोकापायी किंमत पाडतील. मी मात्र भिंग तिथेच धरून राहिलो: भोकाची वरची कड दोऱ्याने घासून गुळगुळीत झाली होती, बरीच वर्षं कुणाच्या तरी गळ्यात राहिल्यासारखी.