बजेट कापलं तर मुलांचं नक्की काय बिघडतं? एका पेपरची चिकित्सा

सरकारी शाळांच्या बजेटला कात्री लागली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'पैसा ओतून शिक्षण सुधारत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालंय.' दुसरं, 'शिक्षणावरचा एक रुपयाही कमी करणं हा गुन्हा आहे.' मी कपातीच्या विरोधातच आहे. पण तुम्ही उद्या पेटच्या मुलाखतीत किंवा सिनॉप्सिसच्या सादरीकरणात यातलं कुठलंही वाक्य असंच फेकलंत, तर समोरचे सर किंवा मॅडम दोन प्रश्नांत तुम्हाला अडवतील. म्हणून आज या विषयावरचा एक महत्त्वाचा पेपर नीट उलगडून बघू.

आधी पहिलं वाक्य आलं कुठून ते पाहू. १९६६ च्या अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने सांगितलं की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. पुढे १९८६ मध्ये एरिक हानुशेक यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. खर्च आणि निकाल यांच्यात ठाम, सातत्याचा संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पद्धत मतमोजणीची: किती अभ्यासांत परिणाम सिग्निफिकंट आला आणि किती अभ्यासांत नाही, ते मोजायचं. १९९४ मध्ये हेजेस, लेन आणि ग्रीनवाल्ड यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. लहान सॅम्पलच्या अभ्यासात खरा परिणाम असला तरी तो सिग्निफिकंट येईलच असं नाही. असे दहा अभ्यास 'नाही' च्या खात्यात टाकले तर निकाल आधीच ठरलेला असतो. त्यांनी तेच पुरावे मेटा-ॲनालिसिसने एकत्र केले तेव्हा चित्र बरंच बदललं.

तरी एक मोठी अडचण उरतेच. सरकार बऱ्याचदा जास्त पैसा मागे पडलेल्या मुलांकडे वळवतं. मग आकडेवारीत जास्त खर्च आणि कमी गुण एकत्र दिसतात. जास्त गोळ्या खाणारा माणूस जास्त आजारी दिसतो, म्हणून गोळ्यांनी आजार होतो असं आपण म्हणत नाही. इथेही तसंच आहे.

ही गाठ सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न म्हणजे किराबो जॅक्सन, कोरा विगर आणि हेयू शिओंग यांचा २०२१ चा पेपर, 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: इकॉनॉमिक पॉलिसी' मधला. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत सरकारी शाळांचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी घसरला आणि मंदी सरल्यावरही लगेच भरून आला नाही. हवाई राज्यात तर २००९-१० मध्ये पैसे वाचवायला १७ शुक्रवार शाळाच बंद ठेवल्या होत्या. पण मंदीत आई-बापांच्या नोकऱ्याही जातात. मग गुण घसरले ते शाळेमुळे की घरच्या ओढाताणीमुळे?

लेखकांची युक्ती अशी. अमेरिकेत शाळांचा पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: राज्याच्या तिजोरीतून आणि स्थानिक मालमत्ता करातून. मंदीत राज्याचे आयकर-विक्रीकर झपकन आटतात, मालमत्ता कर तितका हलत नाही. म्हणजे मंदीच्या आधीपासून ज्या राज्यांतल्या शाळा राज्याच्या पैशावर जास्त विसंबून होत्या, तिथे कपात जास्त झाली. हे जुनं अवलंबित्व त्यांनी इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरलं. निष्कर्ष: दर विद्यार्थ्यामागे १,००० डॉलर कमी झाले की गणित आणि वाचनाचे गुण ०.०३९ स्टँडर्ड डेव्हिएशनने खाली येतात. गरीब वस्त्यांत नुकसान जास्त.

आता चिकित्सा.

पहिली गोष्ट, आकडा समजून घ्या. ०.०३९ म्हणजे शंभरात बरोबर मध्यावर असलेला मुलगा साधारण दीड जागा खाली सरकतो. हा प्रलय नाही, आणि आपल्या बाजूचा आहे म्हणून तो फुगवू नका. पण ही सरासरी आहे, लाखो मुलांवरची, आणि ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. कपातीला विरोधाचं खरं कारण मला इथे दिसतं.

दुसरी गोष्ट, इन्स्ट्रुमेंटची. ज्या तिजोरीतून शाळा चालतात, त्याच तिजोरीतून आरोग्य आणि सरकारी विद्यापीठंही चालतात. तिजोरी आटली तर तिथेही कात्री लागणार. मग सगळा परिणाम शाळेच्याच खर्चातून आला, हे गृहीतक कितपत टिकतं? लेखक आपल्या निष्कर्षाच्या तपासण्या देतात, आणि गुणांबाबत मला ते पटतात. कॉलेजप्रवेशही घटला, असं ते म्हणतात. तिथे मी जरा हात राखून बोलेन, कारण त्याच काळात विद्यापीठांचं शुल्कही वाढत होतं. शिवाय राज्यं जेमतेम पन्नास, म्हणजे तुलनेची एककं फार नाहीत.

तिसरी गोष्ट, आपल्याकडे हे लागू होतं का? थेट नाही. इंडोनेशियात कायम शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट झाला, तरी मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही, असा २०१८ चा भक्कम अभ्यास आहे. पैसा कशावर, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याहून जवळचा पुरावा आंध्र प्रदेशाचा. जिष्णु दास, कार्तिक मुरलीधरन आणि इतरांच्या २०१३ च्या पेपरात शाळांना अनुदान मिळालं तेव्हा पहिल्या वर्षी गुण वाढले, दुसऱ्या वर्षी परिणाम दिसेनासा झाला. कारण? अनुदान येणार हे कळल्यावर पालकांनी घरचा खर्च कमी केला. 'बघा, पैशाने काही होत नाही' असं यातून काढणं घाईचं आहे. हाच तर्क उलटा करून बघा: शाळेचा पैसा कमी झाला की ज्यांना जमतं ते पालक वह्या, पुस्तकं, क्लासने भर घालतील. ज्यांना जमत नाही त्यांचं काय? माझ्या मते कपातीचा बोजा तिथेच साचतो. पण हा अंदाज आहे, त्या पेपराचा निष्कर्ष नाही. हा फरक लिहिताना पाळा.

चौथी गोष्ट, कपातीचं रूप. जिल्हा परिषदेच्या शाळांचा बहुतेक खर्च पगारावर होतो. म्हणून आपल्याकडे कपात 'इतके टक्के कमी' अशी क्वचितच दिसते. ती दिसते रिक्त पदांत, संच मान्यतेच्या निकषांत, कमी पटाच्या शाळांचं समायोजन किंवा समूह शाळा अशा गोड शब्दांत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. दोनाचा एक झाला की चार वर्ग एकाच माणसाच्या गळ्यात. अमेरिकेतला पेपर या कपातीबद्दल गप्प आहे, आणि पाड्यावरची शाळा मिटली की पोरगी पुढच्या गावी चालत जाईल का, याबद्दलही.

हीच तुमच्यासाठी संशोधनाची जागा. यू-डायसमध्ये शाळानिहाय आकडे आहेत. वाटेल की २० पटाची रेघ घ्यावी, वरच्या-खालच्या शाळांची तुलना करावी, रिग्रेशन डिसकंटिन्युइटी तयार! थांबा. शाळा वाचवायला गुरुजी पट २१ दाखवत असतील तर? रेघेच्या लगेच वर शाळांची गर्दी दिसते का, हे आधी तपासा. दिसली तर तुमचं डिझाइन कोसळेल, पण ती गर्दी हाच एक निष्कर्ष असेल: नियमाच्या भीतीने नोंदी कशा वाकतात याचा.

कपातीला विरोध करायचा तर कुठली कपात, कुणावर आणि किती, हे तीन शब्द आधी लिहा. 'पैशाने काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही तेच तीन प्रश्न विचारा. मी विचारून पाहिलेत, बहुतेकदा उत्तर १९८६ च्या पलीकडे जात नाही.