ज्यूरी का गेली? : एका रूढ उपपत्तीचे परीक्षण

भारतातून ज्यूरीची पद्धती का नाहीशी झाली, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : नानावटी खटल्यामुळे. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने कमांडर नानावटी यांना निर्दोष ठरविले. तो निर्णय इतका विपरीत वाटला की सरकारने ती पद्धतीच मोडीत काढली, असे ही उपपत्ती सांगते. कथा म्हणून ती सुबक आहे. इतिहास म्हणून ती कितपत टिकते, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

प्रथम कालक्रम घेऊ. ज्या गोळीबारावरून हा खटला उभा राहिला, तो २७ एप्रिल १९५९ रोजी घडला. परंतु सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने ज्यूरीची पद्धती अयशस्वी ठरल्याचे सांगून ती बंद करण्याची शिफारस आपल्या चौदाव्या अहवालात केली, ती १९५८ साली. ज्यूरीला स्थान न देणारी फौजदारी प्रक्रिया संहिता झाली १९७३ साली. म्हणजे जी घटना कारण मानली जाते, ती शिफारशीनंतरची आहे आणि तथाकथित परिणामापासून चौदा वर्षे दूर आहे.

दुसरा मुद्दा दोषाचा. ज्यूरर भावनेच्या आहारी गेले, ‘ब्लिट्झ’सारख्या पत्रांनी त्यांची मने कलुषित केली, असे म्हटले जाते. वर्तमानपत्रांचा गलबला मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. उपलब्ध पुराव्यावरून कोणत्याही समंजस माणसांना असा निर्णय देता आला नसता, असे उच्च न्यायालयानेही म्हटले. पण त्याच न्यायालयाने सेशन्स न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावून देताना केलेल्या गंभीर चुकाही दाखविल्या, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या. अपघाताचा बचाव शाबीत करण्याचा भार कोणावर असतो, हेदेखील ज्यूररांना नीट सांगितलेले नव्हते. वाटाड्याच चुकला असता वाटसरूंच्या अज्ञानाकडे बोट दाखविणे न्याय्य नव्हे.

मग खरे कारण कोणते? आमच्या मते ते ज्यूरीच्या जन्मातच शोधावे लागते. १८६१ च्या संहितेने जिल्ह्यांच्या न्यायालयांत ज्यूरी आणली. परंतु १८७२ पासूनच तिच्या निर्णयाशी असहमत असलेल्या न्यायाधीशाला प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविण्याची मुभा मिळाली. १८९८ च्या संहितेत ही तरतूद ३०७ व्या कलमात राहिली. नानावटी खटलाही याच वाटेने वर गेला. शिवाय कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यांसाठी ज्यूरी बसावी, हे २६९ व्या कलमान्वये सरकार आपल्या आदेशाने ठरवी आणि आदेशानेच बदलू शके. तेव्हा ही ज्यूरी आरोपीचा हक्क नव्हती; ती शासनाने दिलेली व केव्हाही परत घेता येण्याजोगी सवलत होती.

महाराष्ट्राच्या स्मृतीत तर तिचे रूप याहूनही कडवट आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी व तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरविले. १९०८ साली सात युरोपियन एका बाजूस आणि दोन पारशी दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी झाली. येथे कायद्याने संधी दिली होती, परंतु ‘आपल्या बरोबरीच्यांकडून न्याय’ हे तत्त्वच उलटे झाले होते. ज्या संस्थेत लोकांना स्वतःचा चेहरा कधी दिसला नाही, तिच्या रक्षणासाठी त्यांनी कंबर कसावी, ही अपेक्षा व्यर्थ होय.

जपानचा दाखला या अनुमानास पुष्टी देतो. तेथे १९२३ साली कायदा होऊन १९२८ पासून ज्यूरी बसू लागली; पण तिचे उत्तर न पटल्यास न्यायाधीश दुसरी ज्यूरी बोलावू शके, आणि ज्यूरीने दोषी ठरविलेल्यास वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर अपील करता येत नसे. आरोपींनीच तिच्याकडे पाठ फिरविली. अवघे ४८४ खटले चालल्यावर १९४३ साली कायदा स्थगित झाला. याउलट अमेरिकेत हा हक्क १७९१ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने संविधानात कोरला गेला. तेथेही ज्यूरींनी घोर अन्याय केले आहेत. तरी संस्था टिकली. चुका हे ज्यूरी जाण्याचे पुरेसे कारण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एक आक्षेप येथे संभवतो : अशी दुबळी ज्यूरी गेली, तर बिघडले काय? आमचे उत्तर असे की, ज्यूरीबरोबर फौजदारी न्यायदानातील सामान्य नागरिकाचा अखेरचा वाटाही गेला; असेसर तर १९५५ सालीच गेले होते. पारशी विवाह न्यायालयांत मात्र समाजातील पाच प्रतिनिधी वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर निर्णय देतात. सामान्य माणूस न्यायदानास अपात्र आहे, हे गृहीत येथे तरी कायद्याने मानलेले नाही. जपाननेही २००९ पासून न्यायाधीशांच्या शेजारी नागरिकांना पुन्हा बसविले आहे.

सारांश, नानावटी खटल्याने ज्यूरीला मारले नाही. तिच्या मरणाला एक नाट्यमय निमित्त मात्र पुरविले. अभ्यासकांनी त्या एका निर्णयाची चर्चा आवरती घेऊन, या संस्थेवर शतकभर जो अविश्वास दाखविला गेला, त्याकडे लक्ष वळविले पाहिजे. नाही तर नागरिकांना न्यायदानात पुन्हा स्थान द्यावे असा विचार जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा तेव्हा आठ ज्यूररांच्या एका चुकीचा दाखला देऊन तो मिटविला जाईल.