साडेआठशें शब्दांची विश्वभाषा

इंग्रजी ही जगाची व्यवहारभाषा कशी झाली हें सांगतांना बहुधा तिच्या विजयांचाच पाढा वाचला जातो. परंतु त्या इतिहासांतील एका फसलेल्या प्रयोगाचें परीक्षण केल्यास मूळ प्रश्नावर अधिक प्रकाश पडतो, असें आम्हांस वाटतें. तो प्रयोग म्हणजे सी. के. ऑग्डेन यांची 'बेसिक इंग्लिश'.

ऑग्डेन हे सामान्य पंडित नव्हेत. आय. ए. रिचर्ड्स यांच्यासह त्यांनीं १९२३ सालीं लिहिलेला 'द मीनिंग ऑफ मीनिंग' हा ग्रंथ सुप्रसिद्धच आहे. १९३० सालीं त्यांनीं ८५० शब्दांची यादी पुढें मांडली: वस्तु व कल्पना यांचीं नांवें ६००, गुणवाचक शब्द १५० आणि वाक्य चालविणारे शब्द १००. क्रियापदें अवघीं दीड डझन! एवढ्या सामग्रीवर परकीयानें व्यवहार करावा व विचारहि करावा, ही त्यांची प्रतिज्ञा. एच. जी. वेल्स यांनीं १९३३ च्या आपल्या भविष्यकथेंत हिला जगाची भाषा करून टाकिलें; १९४३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत चर्चिल यांनीं तिचा पुरस्कार केला; १९४६ सालीं ब्रिटिश सरकारनें २३,००० पौंडांस तिचे हक्क विकत घेतले. इतका राजाश्रय मिळूनहि रोप रुजलें नाहीं.

याचें कारण यादीच्या मूळ कल्पनेंतच आहे. शब्द कमी केले कीं शिकणाराचे श्रम कमी होतात, हें ऑग्डेन यांनीं गृहीत धरलें. 'टॉलरेट' हें क्रियापद गाळलें, तर 'पुट', 'अप' व 'विथ' या तीन सोप्या शब्दांची जुळणी करून भागवावें लागतें. यादी आंखूड झाली खरी. पण 'ठेवणें', 'वर' आणि 'सह' एवढेंच पाठ केलेल्या विद्यार्थ्यानें त्यांतून 'सहन करणें' हा अर्थ कसा काढावा? मराठी वाचकास हें आपल्याच भाषेवरून पटेल. भूक लागते, ठेंच लागते, नोकरी लागते, झाडाला फळ लागतें आणि एखाद्याचें बोलणें मनाला लागतें. परकीयास 'सहिष्णुता' हा शब्द एकदां पाठ केला कीं पुरे. 'लागणें' मात्र त्याला जन्मभर पुरून उरेल.

अशा यादीस मुळींच स्थान नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. वैमानिक व विमानतळावरील नियंत्रक यांचें संभाषण ठराविक वाक्प्रयोगांतच होणें हितावह असतें. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नेंहि १९५९ सालीं सुमारें १,५०० शब्दांच्या इंग्रजींत कार्यक्रम सुरू केले. जेथें प्रसंग ठरलेला, तेथें शब्दहि ठरवून देतां येतात.

इंग्रजी पसरली ती सोपी म्हणून नव्हे. तिचें स्पेलिंग पाहिलें तरी एवढें कळेल. साम्राज्य व व्यापार यांनीं तिला समुद्रापार नेलें. १९१९ च्या व्हर्सायच्या तहांत ती फ्रेंचच्या बरोबरीनें प्रमाण ठरली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची संपत्ति, विज्ञान व चित्रपट यांनीं तिचें आसन पक्कें केलें. सत्तेनें आलेल्या भाषेचा भार शिकणारावरच पडतो, आणि तो हलका करूं पाहणारे ऑग्डेन म्हणूनच आदरास पात्र आहेत.

तथापि त्यांच्या योजनेंतला मोठा दोष शब्दसंख्येचा नाहीं. परकीयाला इंग्रजींत कांहीं नवें सांगावयाचें असेल, ही शक्यताच तींत धरलेली नाहीं. चिनुआ अचेबे यांनीं १९५८ सालीं 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्यें इग्बो लोकांच्या म्हणी इंग्रजींत आणिल्या. अरुण कोलटकरांनीं १९७६ च्या 'जेजुरी'त त्याच भाषेला खंडोबाच्या पायऱ्या चढावयास लाविलें. जी भाषा त्यांच्यावर लादली गेली होती, तिलाच त्यांनीं आपलें म्हणणें बोलावयास शिकविलें. साडेआठशें शब्दांच्या कुंपणांत हें घडलें नसतें. म्हणून सोप्या विश्वभाषेची कोणतीहि योजना पुढें आली, कीं तिच्या कर्त्यास प्रथम विचारावें: आपण शिकणाराचें ओझें कमी करीत आहां, कीं त्याची बोलण्याची योग्यता?