मागच्या रांगेतला गंधार

इळैयराजांची 'हाऊ टु नेम इट' (1986) ही ध्वनिमुद्रिका मी पुन्हा ऐकली ती चेन्नईच्या 'सनशाइन ऑर्केस्ट्रा'मुळे. ए. आर. रहमान यांच्या के. एम. म्युझिक कॉन्झर्वेटरीत गरीब घरांतल्या मुलांना विनामूल्य शिकवून उभा केलेला हा वाद्यवृंद. मुले खुर्चीवर बसतात, व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, समोरची स्वरलिपी वाचून वाजवतात. त्याच शहरात कर्नाटक संगीतातला वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे टोक पायावर टेकवतो; पुढे कागद नसतो.

त्यागराज आणि बाख या दोघांना वाहिलेल्या त्या ध्वनिमुद्रिकेत या दोन बैठका समोरासमोर येतात. बाखच्या ई मेजर पार्टिटाचे प्रेल्यूड तिथे घरच्यासारखे वावरते, याचे मला आजही नवल वाटते. पण नीट ऐकले की खटकते: वळण, आंदोलन, सगळा लाड व्ही. एस. नरसिंहन यांच्या एकट्या व्हायोलिनचा. मागचा ताफा सरळ सुरांत उभा. कारण उघड आहे. तोडीचा गंधार कागदावर एक ठिपका असतो, हातात मात्र तो झोका होतो; आणि झुलणाऱ्या सुराखाली स्वरमेळ ठेवायचा तरी कुठे?

(तंजावरच्या सरफोजी राजांच्या पदरी पाश्चात्त्य बँड होता. तेव्हा हा पेच आपल्याला परका नाही.)

हा झोका वीसजणांनी एकत्र घ्यायला लहानपणापासून शेजारच्याचा हात ऐकावा लागतो. या मुलांचे वय त्यासाठी योग्य आहे. मला त्यांच्याकडून तोडी ऐकायची आहे, मागच्या रांगेसकट.