दुःखाचा राग कसा होतो? निवडणुकीच्या घोषणांबद्दल थोडंसं

एप्रिल २०१९. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि मतदानासाठी फर्दापूरला घरी आले होते. लोकसभेचं माझं पहिलंच मत. दुष्काळाचं वर्ष होतं, औरंगाबादहून गावाकडे येणारा रस्ता रुंदीकरणासाठी उखडलेला, एसटीत बसून हाडं खिळखिळी झालेली. म्हणजे उमेदवाराला विचारायला प्रश्न भरपूर होते. पण अजिंठा टी-पॉइंटवर चहाला थांबलं, तर बाकड्यावर चर्चा एकच: पुलवामा.

त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, पंतप्रधानांची लातूर जिल्ह्यात औसा इथे सभा झाली. पहिल्यांदा मत देणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की तुमचं पहिलं मत बालाकोटला हल्ला करणाऱ्या जवानांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का? म्हणजे प्रश्न थेट मलाच होता. काहीतरी खटकलं, पण काय खटकलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. नंतर एक शोधनिबंध वाचला आणि थोडं उलगडलं.

जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांचा हा निबंध २०१२ सालचा. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधले जवळपास ७,००० लेख त्यांनी तपासले. लोक कोणते लेख एकमेकांना ई-मेलने पाठवतात, एवढाच प्रश्न. उत्तर असं निघालं, की राग, भीती किंवा अचंबा निर्माण करणारा मजकूर जास्त पसरतो आणि दुःखद मजकूर कमी पसरतो. कारण राग आणि भीती शरीराला चेतवतात, काहीतरी करायला लावतात. दुःख माणसाला जागेवर बसवतं. दुःखी माणूस गप्प होतो.

आता एक सावधगिरी. हा अभ्यास अमेरिकन वृत्तपत्राचा आहे, आपल्या सभांचा नाही. मतं कशी पडतात हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण घोषणा लिहिणाऱ्यापुढची अडचण त्यातून बरोबर दिसते. देश शोकात असतो आणि शोक प्रचाराच्या कामाचा नसतो. त्याचा आधी राग किंवा भीती करून घ्यावी लागते, आणि तीही मतदानाच्या तारखेच्या आत. माझ्या मते असंवेदनशीलता इथे आहे. दुर्घटनेचा नुसता उल्लेख करण्यात ती नाही, शोकाला त्याचा वेळ न देण्यात आहे.

या नजरेनं जुनी उदाहरणं बघा. २८ नोव्हेंबर २००८. मुंबईत ताज आणि नरिमन हाऊसमध्ये गोळीबार अजून चालू होता. मेजर संदीप उन्नीकृष्णन त्याच पहाटे गेले होते. आणि त्या दिवशीच्या वृत्तपत्रांत काळ्या पानावर रक्ताचे डाग दाखवणारी भाजपची जाहिरात होती: सरकार दुबळं आहे, दहशतवादाशी लढा, भाजपला मत द्या. दुसऱ्या दिवशी दिल्लीत मतदान होतं. ताजमधली कारवाई संपली तीही दुसऱ्याच दिवशी, म्हणजे मृतांची मोजदादही झाली नव्हती. (दिल्लीत काँग्रेसच पुन्हा निवडून आली, तो भाग वेगळा.)

हे एकाच पक्षाचं नाही. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दोन महिन्यांच्या आत निवडणूक झाली. काँग्रेसच्या जाहिरातींत विचारलं होतं, की देशाची सीमा आता तुमच्या दारापर्यंत येणार का? हत्येनंतरच्या दिवसांत हजारो शीख मारले गेले होते. त्यांच्या घरातला शोक या जाहिरातीत कुठेच नव्हता. उलट त्यांच्याचकडे संशयानं बघायला लावणारी ती भीती होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: मग सरकारला जाब विचारायचाच नाही का? विचारायचाच. २६/११ नंतर गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना पद सोडावं लागलं, पोलिसांच्या कामगिरीची तपासणी करायला राम प्रधान समिती नेमली गेली. मात्र जाब विचारणारा उत्तर मागतो आणि घोषणा मत मागते, हा फरक आहे. औशाच्या त्या वाक्यात तर पुलवामात एवढी स्फोटकं ताफ्यापर्यंत पोहोचली कशी, या प्रश्नाला जागाच नव्हती. निवडणूक आयोगानं ९ मार्चलाच पक्षांना सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका असं बजावलं होतं. पण या भाषणात आचारसंहितेचा भंग नाही, असा निर्णय आयोगानं बहुमतानं दिला. कायद्याचा विषय तिथे संपला, पण औचित्याचा संपत नाही.

पुलवामात ४० जवान गेले. त्यांतले दोघे आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. फेब्रुवारीत आमच्याकडे लोक त्यांची नावं घेऊन हळहळत होते. एप्रिलपर्यंत ते नुसते 'शहीद' झाले होते. घोषणेत नाव बसत नाही, कारण नाव घेतलं की घर आठवतं, घरचे आठवतात आणि माणूस परत गप्प होतो.

म्हणून मी आता एक साधी कसोटी लावते. दुर्घटनेनंतरची घोषणा दिसली, की तिच्यातली मत मागणारी ओळ झाकायची आणि उरलेलं वाचायचं. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन ते मोठ्यानं म्हणता येईल का? १९८४, २००८, २०१९, तिन्ही वेळा माझं उत्तर 'नाही' असंच येतं. तुम्हीही करून बघा, आणि वेगळं उत्तर आलं तर जरूर कळवा.

२३ एप्रिलला मी मत दिलं. कोणाला, ते सांगणार नाही. रांगेत उभी असताना डोक्यात पाण्याचा आणि रस्त्याचा विचार ठेवायचा ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ते फारसं जमलं नाही.