मोठ्या शिंगांचे मेंढे कुठे गेले? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

पहिल्या वर्षी मी माझ्या संशोधन आराखड्यात एक वाक्य अगदी ऐटीत लिहिलं होतं: 'शिकारीमुळे प्राण्यांमध्ये उत्क्रांती घडते, हे सिद्ध झालं आहे.' शेजारी 2003 चा संदर्भ. सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्या काळात त्या डोंगरावर मेंढ्यांची संख्या वाढत होती की घटत होती?" मला सांगता आलं नाही. मी पेपरचा सारांश वाचला होता, पेपर नाही. तुमच्यापैकी बरेच जण सध्या हेच करत असतील, म्हणून आज त्या पेपरबद्दल.

पेपर डेव्हिड कोल्टमन आणि सहकाऱ्यांचा, डिसेंबर 2003 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. जागा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातली: रॅम माउंटन. रॉकी पर्वताच्या मुख्य रांगेपासून थोडा पूर्वेला, जंगलाने वेढलेला एकटा डोंगर आणि त्यावर बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथली जवळपास प्रत्येक मेंढी खुणेवरून ओळखली जाते. तिला पकडून वजन घेतात, शिंगं मोजतात आणि सोडून देतात. एवढ्या वर्षांची अशी वही जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पेपरवर पुढे मी बरीच टीका करणार आहे, पण ही वही ठेवणाऱ्यांबद्दल मनात आदरच आहे.

आता शिकारीचा नियम बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. मेंढ्याच्या शिंगाचं वळण चार-पंचमांश झालं की तो मारायला कायदेशीर. स्थानिक शिकाऱ्यांच्या परवान्यांना संख्येची मर्यादा नव्हती. म्हणजे किती मारायचे यावर बंधन नाही, कोणता मारायचा यावर आहे. ज्याची शिंगं भराभर वाढतात तो चौथ्या वर्षीच नियमात बसतो. पण मेंढ्यांमध्ये नराला वर्चस्व आणि माद्या मिळतात त्या साधारण सहा वर्षांनंतर. शिकारीचा हंगाम शरद ऋतूत संपतो आणि माजाचा काळ त्यानंतर येतो. थोडक्यात, चांगली शिंगं असलेला नर बाप होण्याआधीच भिंतीवर लागतो, आणि खुज्या शिंगांचा निवांत पिल्लं जन्माला घालतो. सुमारे 30 वर्षांत 57 नर मारले गेले. आकडा छोटा वाटेल, पण कायदेशीर नरांपैकी दरवर्षी सरासरी 40 टक्के! याच काळात नरांचं वजन आणि शिंगांची लांबी घटत गेली.

युक्तिवाद देखणा आहे, आणि इथेच आपण वाचणं थांबवतो.

मॅडमचा प्रश्न इथे येतो. सुरुवातीच्या वर्षांत संशोधक मुद्दाम माद्या काढून कळप लहान ठेवत होते. 1980 नंतर ते थांबलं, आणि 1992 पर्यंत संख्या वाढत गेली. गर्दी वाढली की चारा कमी पडतो, आणि चारा कमी पडला की शिंगं खुरटतात. त्यासाठी जनुकं बदलायची गरजच नाही. मग शिंगं लहान झाली ती शिकारीमुळे की उपासमारीमुळे? नुसत्या मोजमापाच्या आलेखावरून हे वेगळं करता येत नाही. लेखकांनाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी वंशावळ वापरून प्रत्येक प्राण्याची 'ब्रीडिंग व्हॅल्यू' काढली. म्हणजे त्या प्राण्याच्या गुणातला वारशाने आलेला वाटा किती, याचा नातेवाइकांवरून बांधलेला अंदाज. हा अंदाजही वर्षागणिक उतरताना दिसला.

अडचण 'अंदाज' या शब्दात आहे. त्या अंदाजांना पुढे मोजलेल्या आकड्यांसारखं वागवलं गेलं. प्रत्येकामागची अनिश्चितता वाटेत गळून पडली. 2010 मध्ये जॅरॉड हॅडफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असं केलं की उत्क्रांतीचा पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो, आणि माहिती तुटपुंजी असेल तर पर्यावरणातला बदलही जनुकीय बदलाचं सोंग घेऊन येतो. टीका फक्त या पेपरवर नव्हती. या क्षेत्रात तेव्हा सगळे असंच करायचे. पण आपण दाखला देतो तो याच पेपरचा.

आणि शीर्षक! त्यात परिणामांना 'अनिष्ट' म्हटलंय. अनिष्ट कोणासाठी? शिकाऱ्याला मोठी शिंगं हवीत, हे उघड आहे. मेंढ्यांच्या कळपाचं त्यात काय नुकसान, हे पेपर पुरेसं सांगत नाही. निष्कर्षात मावत नाही ते विशेषणातून आत येतं. स्वतःचा लेख लिहिताना ही जागा तपासा.

शिकारीतून आलेल्या डेटाचा दुसरा मोठा साठा बदकांचा. उत्तर अमेरिकेत बदकांच्या पायात कडी घालतात, आणि शिकारी कडीचा नंबर कळवतात. 1976 मध्ये अँडरसन आणि बर्नहॅम यांनी मॅलार्ड बदकांच्या अशा नोंदींवरून म्हटलं की एका मर्यादेपर्यंत शिकार वाढली तरी वार्षिक जगण्याचा दर फारसा हलत नाही. तिथे प्रश्न 'किती मेले' हा होता. उडत्या थव्यावर बार काढणारा माणूस शिंगं मोजत बसत नाही. तरी तिथेही निवड होतेच: अशक्त बदकं सहज सापडतात, आणि प्रत्येक जण कडी कळवतोच असं नाही.

मेंढ्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड आहे. शिकाऱ्यांनी नोंदवलेली शिंगं घेतलीत तर नियमापेक्षा छोटं शिंग त्या यादीत येणारच नाही. डोंगरावरची शिंगं आखूड होत गेली तरी यादीची सरासरी तेवढी उतरत नाही. पेल्टिये आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये रॅम माउंटनच्याच आकड्यांवर हे दाखवलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकारीच्या नोंदींचा प्रश्न उरला नाही, पण कोकणातल्या बंदरावर उतरलेली मासळी मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जाळ्याच्या आसातून निसटलेला मासा तुमच्या तक्त्यात नसतो.

मग पेपर चुकीचा का? नाही. 2016 मध्ये गॅब्रिएल पिजन आणि सहकाऱ्यांनी (यात 2003 चे काही लेखकही आहेत) 39 वर्षांचा डेटा घेऊन, अनिश्चितता शेवटपर्यंत सोबत ठेवून, तोच प्रश्न पुन्हा विचारला. मधल्या काळात, 1996 मध्ये, नियम बदलून पूर्ण वळणाचा झाला होता आणि शिकार जवळपास थांबली होती. म्हणजे आपोआप एक प्रयोगच झाला. शिकारीच्या 23 वर्षांत नरांच्या शिंगांच्या लांबीचं जनुकीय मूल्य घटलं आणि शिकार थांबल्यावर ती घटही थांबली. मात्र ही घट निव्वळ योगायोगाने झाली असण्याची शक्यता त्यांनी 9.9 टक्के काढली, आणि ती सारांशातच छापली. मला हा पेपर 2003 च्या पेपरपेक्षा जास्त आवडतो. दाखले मात्र पहिल्यालाच मिळतात.

माझं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे: 'एका एकाकी डोंगरावर, परवान्यांना मर्यादा नसलेल्या निवडक शिकारीच्या काळात, शिंगांच्या लांबीत लहानसा जनुकीय बदल झाल्याची बरीच शक्यता आहे.' ऐट गेली. मॅडमनी समासात पेन्सिलीने लिहिलं: 'बरीच म्हणजे किती?'