'झाडाझडती' आणि सातबाऱ्याबाहेरची माणसे

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांवरील मराठी कादंबरी म्हटले की आजही पहिले नाव तिचेच येते. पण तिच्याविषयी लिहिताना 'दाहक वास्तव', 'विस्थापितांचा आक्रोश' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आक्रोश काय, कोणत्याही सामाजिक कादंबरीत सापडतो. 'झाडाझडती'चे बळ तिने कागद ओळखला यात आहे.

जांभळी गाव पाण्यात बुडण्याच्या कितीतरी आधी दप्तरात बुडते. अधिसूचना, मोजणी, पंचनामा, निवाडा, मग पुनर्वसन कचेरीचे हेलपाटे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची ही रीत २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत देशभर चालली. ती इतक्या आतून मराठीत कोणी दाखवली नव्हती. लेखक स्वतः शासकीय सेवेतले. फाईल कुठे अडते आणि का अडते, हे त्यांना ठाऊक आहे. खैरमोडे गुरुजींसारखा सरळमार्गी शिक्षक या यंत्रणेपुढे उभा राहतो, तेव्हा त्याची शोकांतिका दुष्ट माणसांपेक्षा बिनचेहऱ्याच्या शिक्क्यांनी घडते. जिथे लेखक या शिक्क्यांवर विसंबतो तिथे कादंबरी थोर होते. जिथे तो आपत्तीवर आपत्ती रचत जातो तिथे ती पसरट होते आणि वाचकाचे मन बधिर होऊ लागते. शंभरेक पाने कमी झाली असती तर हैबतीचे दुःख अधिक टोचले असते, असे मला वाटते.

मात्र कागदावर एवढी पकड असल्यामुळेच एक प्रश्न उरतो. कागदावर ज्याचे नावच नाही त्याचे काय? जुना कायदा मोबदला देई तो जमिनीत ज्याचा हितसंबंध असे त्याला. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याच्या हाती काही पडत नसे. ही गोष्ट जुनी आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह झाला. सेनापती बापटांमुळे तो आपल्याला पाठ आहे. परंतु राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून दिसते ते हे की तेथील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या आणि त्यांना धरणापेक्षा मोबदल्याची चिंता अधिक होती. कसणारा मावळा लढला, पैसा मात्र कागदाच्या धन्याकडे वळला.

दया पवारांची धरण बांधणाऱ्या बाईची कविता मला म्हणूनच कादंबरीशेजारी ठेवावीशी वाटते. त्या बाईचे सातबाऱ्यावर नाव नाही, तिला निवाड्याची नोटीस येणार नाही. ती भिंत उभारते आणि पाणी दुसऱ्याच्या रानात जाते. कादंबरीच्या सगळ्या विस्ताराला जे साधले नाही ते या छोट्या कवितेने साधले आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. साळावली धरणात सांगे तालुक्यातील कुर्डी गाव गेले, मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि वाडे, वालकिणीला हलविलेली माणसे सोमेश्वराच्या दर्शनाला जमतात. वर्तमानपत्रांना त्यातले छायाचित्र मिळते, लेखकांना हळहळ मिळते. पण तिळारीचे काय? गोवा आणि महाराष्ट्र यांच्या १९९० च्या करारानुसार हे धरण झाले. बुडीत क्षेत्र दोडामार्ग तालुक्यात, पाण्याचा मोठा वाटा गोव्याकडे. नोकरी मागणाऱ्या प्रकल्पग्रस्तांना अखेर एकरकमी रकमेवर समाधान मानावे लागले. दोन राज्यांच्या दोन कचेऱ्या, आणि मध्ये अर्ज हातात धरून उभा माणूस! याहून 'झाडाझडती'ला शोभणारा विषय कोणता? सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हद्दीच्या दोन बाजूंचे हेलपाटे कोणी शिकवायला नकोत. तरी सीमाप्रश्नावर आपण अग्रलेखांचे ढीग रचले आणि तिळारीवर ताकदीची कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही. कोणी लिहायला बसलाच, तर त्याने देवळाच्या कळसापासून सुरुवात करू नये. पुनर्वसन कचेरीतले संकलन रजिस्टर मागावे आणि त्यात कोणाची नावे नाहीत, ते गावठाणात जाऊन विचारावे.